ऊस कमी पडला तरी पेन्शनचा हप्ता तेवढाच : पगार नसलेल्यांच्या सामाजिक सुरक्षेचं गणित काय आहे?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं हळूहळू रिकामी व्हायला लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, कुठल्याही तालुक्यात जा. ट्रॅक्टर भरून संसार निघतो, कोल्हापूर, सांगली, सातारा नाहीतर थेट कर्नाटक. पाच-सहा महिने उसाच्या फडात काढायचे आणि उन्हाळ्यात परत यायचं.

आता एक साधा प्रश्न. नोकरी करणाऱ्या माणसाचा पीएफ दर महिन्याला कापला जातो. साठीनंतर काहीतरी हातात येणार याची त्याला खात्री असते. मग फडात ऊस तोडणाऱ्या जोडप्याचं काय? गावात रिक्षा चालवणाऱ्याचं, शिवणकाम करणाऱ्या ताईंचं, बाजारात भाजी विकणाऱ्या काकूंचं काय?

त्यांच्यासाठी योजना नाहीत असं नाही. उलट बऱ्याच आहेत. पण त्या योजनांमध्ये हप्ता कसा ठरतो, कमाई कमी-जास्त झाली की तो बदलतो का आणि भरता नाही आला तर काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तेच नीट समजून घेऊ.

आधी नोकरीवाल्यांचं बघू

पीएफचा नियम सोपा आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून जाते आणि तेवढीच रक्कम मालक भरतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात.

इथे महत्त्वाची गोष्ट म्हणजे टक्केवारी. पगार वाढला की हप्ता वाढतो, पगार कमी झाला की हप्ताही कमी होतो. नोकरी सुटली तर हप्ता थांबतो, दंड लागत नाही.

संकट आलं तर सरकार टक्केवारीही कमी करू शकतं. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांसाठी पीएफचा दर १२ वरून १० टक्क्यांवर आणला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी तरतूद आहे. साथ किंवा राष्ट्रीय आपत्ती आली तर केंद्र सरकार पीएफ आणि ईएसआयचा हप्ता एका वेळी तीन महिन्यांपर्यंत कमी करू शकतं किंवा पुढे ढकलू शकतं.

म्हणजे पगारदाराचा हप्ता त्याच्या कमाईबरोबर चालतो.

मग पगार नसलेल्यांचा हप्ता कशावर ठरतो?

वयावर. हो, कमाईवर नाही, वयावर.

असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आली. वय १८ ते ४०, महिन्याची कमाई १५ हजारांपर्यंत, पीएफ, ईएसआय किंवा एनपीएसचं सदस्यत्व नाही आणि इन्कम टॅक्स भरत नाही, अशा माणसाला त्यात जाता येतं. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये पेन्शन मिळते.

हप्ता किती? ज्या वयात नाव नोंदवलं त्यावर अवलंबून. १८ व्या वर्षी गेलात तर महिन्याला ५५ रुपये, २९ व्या वर्षी १०० रुपये, ३५ व्या वर्षी १५० रुपये आणि ४० व्या वर्षी २०० रुपये. तेवढीच रक्कम केंद्र सरकार तुमच्या नावावर भरतं. एकदा ठरलेला हप्ता साठीपर्यंत तोच राहतो.

छोट्या दुकानदारांसाठी आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी अशाच दोन वेगळ्या मानधन योजना आहेत. हप्त्याचा तक्ता तोच, ५५ ते २०० रुपये.

दुसरी मोठी योजना म्हणजे अटल पेन्शन योजना. ही २०१५ मध्ये सुरू झाली. इथेही वय १८ ते ४० लागतं, पण पेन्शन किती हवी ते तुम्ही निवडता : १ हजार, २ हजार, ३ हजार, ४ हजार किंवा ५ हजार. १८ व्या वर्षी १ हजाराची पेन्शन निवडली तर हप्ता ४२ रुपये आणि ५ हजारांची निवडली तर २१० रुपये. चाळिशीत हेच आकडे २९१ आणि १,४५४ होतात. ऑक्टोबर २०२२ पासून इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना या योजनेत नव्याने जाता येत नाही.

१०० रुपये कुणाला जड आहेत, असं वाटतंय ना?

इथेच बीडचं उदाहरण समजून घ्यायला पाहिजे.

ऊसतोडीचा पैसा महिन्याला येत नाही. पावसाळ्याच्या आसपास मुकादम जोडप्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. एका जोडप्याला मिळून 'एक कोयता' म्हणतात. ती उचल लग्नात, दवाखान्यात, पेरणीत किंवा जुनं देणं फेडण्यात जाते. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फडावर असताना हातात येतो तो आठवड्याच्या बाजारापुरता पैसा. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर.

मानधन योजनेचा हप्ता मात्र बँकेतून आपोआप कापला जातो. म्हणजे जानेवारीत माणूस सांगलीच्या फडात, खातं बीडच्या बँकेत आणि खात्यात शिल्लक ४० रुपये. हप्ता परत जातो. पुढच्या महिन्यातही तेच.

हप्ता थकला म्हणून नाव लगेच कापलं जात नाही. थकलेली सगळी रक्कम आणि असेल तो दंड भरून खातं पुन्हा सुरू करता येतं. पण सहा महिने थकलेल्या दोघांचे १,२०० रुपये एकदम काढायची वेळ येते तेव्हा बरेच जण 'जाऊ द्या' म्हणतात.

'जाऊ द्या' म्हटल्यावर काय जातं तेही बघा. दहा वर्षांच्या आत बाहेर पडलात तर तुम्ही भरलेले पैसे बचत खात्याच्या व्याजासकट परत मिळतात. सरकारने तुमच्या नावावर भरलेला वाटा मिळत नाही. दहा वर्षांनंतर पण साठीच्या आत बाहेर पडलात तरी सरकारचा वाटा मिळत नाही, फक्त व्याज थोडं बरं मिळू शकतं. म्हणजे या योजनेतला खरा फायदा शेवटपर्यंत टिकणाऱ्यालाच आहे.

एक हिशोब करून बघू

समजा पाटोदा तालुक्यातल्या २९ वर्षांच्या एका ताईंनी मानधन योजनेत नाव घातलं. महिन्याला १०० रुपये, ३१ वर्षं. त्या भरतील ३७,२०० रुपये आणि सरकारही तेवढेच भरेल. साठीनंतर वर्षाला ३६,००० रुपये पेन्शन. म्हणजे साधारण वर्षभरात त्यांनी भरलेले पैसे परत आले, पुढे सगळा फायदा. पेन्शन सुरू असताना त्यांचं निधन झालं तर पतीला निम्मी, म्हणजे १,५०० रुपये पेन्शन.

ऐकायला छान आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा : हे ३,००० रुपये महागाईबरोबर वाढत नाहीत. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर ३१ वर्षांनंतरच्या ३,००० रुपयांची किंमत आजच्या सुमारे ६६० रुपयांएवढी असेल. महिन्याच्या किराण्याला हातभार लागेल, पण तेवढ्यावर म्हातारपण निघणार नाही.

म्हणजे हप्ता कमाईप्रमाणे बदलत नाही आणि पेन्शन महागाईप्रमाणे बदलत नाही.

मग बदलता येतं तरी काय?

अगदीच काही नाही असं नाही. चार गोष्टी हातात आहेत.

पहिली, अटल पेन्शनमधली रक्कम. वर्षातून एकदा तुम्ही पेन्शनचा टप्पा वर किंवा खाली करू शकता. वर्ष वाईट गेलं तर ५ हजारांवरून २ हजारांवर या, हप्ता कमी होईल. नंतर परत वर जाता येतं, पण तेव्हा मधल्या काळातला फरक भरावा लागतो.

दुसरी, हप्त्याची वेळ. अटल पेन्शनमध्ये महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी हप्ता भरता येतो. उचल मिळते तेव्हा एक आणि हंगाम संपून घरी येता तेव्हा एक, असे दोनच हप्ते ठेवले तर मधल्या महिन्यांची कटकट राहत नाही. हप्ता उशिरा भरला तर थकलेल्या दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड लागतो.

तिसरी, शेतकऱ्यांची मानधन योजना. बीडमधल्या अनेक ऊसतोड कुटुंबांकडे एक-दोन एकर कोरडवाहू रान असतं. जमीन नावावर आणि दोन हेक्टरपर्यंत असेल तर किसान मानधन योजनेत जाता येतं. पीएम किसानचे दर चार महिन्यांनी येणारे २ हजार रुपये तुम्हाला माहीत आहेतच. या योजनेचा हप्ता त्यातूनच परस्पर कापून घ्या असं लिहून देता येतं. मग खात्यात शिल्लक आहे का, ही चिंताच उरत नाही. मात्र श्रमयोगी आणि किसान या दोन्ही मानधन योजनांमध्ये एकाच वेळी राहता येत नाही, एकच निवडायची.

चौथी, मुळात ठरलेला हप्ताच नसलेल्या योजना. पीपीएफमध्ये वर्षभरात किमान ५०० रुपये भरायचे, कधी आणि किती वेळा ते तुम्ही ठरवा. एखादं वर्ष चुकलं तर ५० रुपये दंड आणि राहिलेले पैसे भरून खातं चालू होतं. एनपीएसमध्येही हप्त्याची रक्कम तुम्हीच ठरवता आणि वयाची अट ४० ची नाही. पण इथे सरकार तुमच्याबरोबर पैसे घालत नाही, हा फरक आहे.

लॉकडाऊनच्या काळात पगार नसलेल्यांनाही एक सवलत मिळाली होती. एप्रिल ते जून २०२० मध्ये अटल पेन्शनची बँकेतून होणारी कपात थांबवली आणि ३० सप्टेंबरपर्यंत थकबाकी भरणाऱ्यांना दंड माफ केला. पण फरक बघा. पगारदाराचा हप्ता त्या काळात कमी झाला. यांचा हप्ता कमी झाला नाही, फक्त पुढे गेला.

टनाला १० रुपये : हे काय प्रकरण आहे?

आता बीडशी सगळ्यात जवळचा मुद्दा. कामगाराच्या खिशातून हप्ता घेण्याऐवजी कामावरच वर्गणी लावली तर?

राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याच्या निधीसाठी २०२१ मध्ये असं ठरलं की साखर कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची. याच महामंडळामार्फत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं त्यात ठरली.

हे गणित एका कोयत्यावर मांडू. समजा एका जोडप्याने दिवसाला दोन टन याप्रमाणे १५० दिवसांत ३०० टन ऊस तोडला. जानेवारी २०२४ च्या समझोत्यात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. म्हणजे दोघांची मजुरी १ लाख ९ हजार ८०० रुपये. त्याच ३०० टनांवर कारखान्याचे ३,००० आणि सरकारचे ३,००० असे ६,००० रुपये निधीत जायला हवेत. हेच दोघं २९ व्या वर्षी मानधन योजनेत गेले तर वर्षाला स्वतःच्या खिशातून २,४०० रुपये भरतील.

या पद्धतीचा फायदा स्पष्ट आहे. काम झालं की वर्गणी जमा होते. बँकेत शिल्लक लागत नाही, हप्ता चुकत नाही, दंड नाही. कारखाना बदलला तरी फरक पडत नाही.

पण दोन अडचणी आहेत. एक, हा पैसा कुणाच्याही स्वतःच्या नावावर जमा होत नाही. तो एकत्र निधी आहे आणि त्यातून योजना राबवल्या जातात. कुणा ताईंनी विचारलं की 'मी दहा हंगाम तोडले, माझे किती जमा झाले?' तर दाखवायला पासबुक नाही.

दोन, ऊस कमी झाला की निधीही कमी. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात १० कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला. २०२४-२५ मध्ये तो साडेआठ कोटी टनांच्या आसपास आला. टनाला १० रुपयांप्रमाणे कारखान्यांचा वाटाच १५ कोटींहून जास्त रकमेने कमी होतो. ज्या वर्षी तोडीला काम कमी, त्याच वर्षी आधाराचा पैसाही कमी.

हे याआधी कुणी नीट जमवलंय का?

जमवलंय, आणि तेही महाराष्ट्रातच. १९६९ मध्ये राज्याने माथाडी कायदा केला. हमाल आणि माथाडी कामगारांचंही असंच होतं : रोज वेगळा मालक, नगावर मजुरी, कायम नोकरी नाही. या कायद्याने मंडळं तयार केली. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची आणि मजुरीच्या ठरावीक टक्के लेव्ही वर द्यायची. त्या लेव्हीतून नोंदणीकृत कामगाराच्या नावावर भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असे लाभ तयार होतात.

म्हणजे वर्गणी कामावर लागते आणि पैसा कामगाराच्या नावावर जमतो. नगावर काम करणाऱ्यालाही पगारदारासारखी सोय देता येते हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे.

बाहेरच्या देशांतही हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न चालू आहे. स्पेनने १ जानेवारी २०२३ पासून स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी नवी पद्धत आणली. यंदा किती कमवाल याचा अंदाज सांगा, त्याप्रमाणे हप्ता भरा, कमाई बदलली तर वर्षातून सहा वेळा हप्ता बदलून घ्या. वर्ष संपल्यावर कर खात्याकडची खरी कमाई बघून हिशोब होतो, जास्त भरलं असेल तर परत, कमी भरलं असेल तर वसुली. आपल्याकडे हे जसंच्या तसं जमणार नाही, कारण इथे बहुतेकांची कमाई कर खात्याच्या कागदावरच नाही. पण पावती तर आहे ना? कुठल्या गाडीतून किती टन ऊस आला याची नोंद प्रत्येक कारखान्याच्या काट्यावर होते.

नव्या कायद्याने काय बदललं?

सामाजिक सुरक्षा संहितेत नऊ जुने कायदे एकत्र आले. त्यात स्वयंरोजगार करणाऱ्यांची वेगळी व्याख्या आहे आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकार योजना करू शकतं असं म्हटलं आहे. स्विगी, झोमॅटो, ओला, उबर अशा कंपन्यांसाठी तर थेट आकडा दिला आहे : वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची, पण कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही.

बांधकामात आधीपासून खर्चाच्या १ टक्का उपकर आहे. म्हणजे डिलिव्हरी करणाऱ्यासाठी कंपनी देणार, बांधकाम मजुरासाठी बांधणारा देतो. रिक्षावाला, शिंपी, भाजीवाली यांच्यासाठी मात्र समोर असा कुणी नाही. त्यांचा हप्ता त्यांच्याच खिशातून आणि तोही वयाप्रमाणे.

मग आज काय करायचं?

ई-श्रम नोंदणी झालीये का बघा. ती फुकट आहे, वय १६ ते ५९ लागतं. पण ई-श्रम कार्ड म्हणजे पेन्शन नाही, ती फक्त नोंद आहे. पेन्शनसाठी वेगळं नाव घालावं लागतं, सीएससी केंद्रात किंवा बँकेत.

वय ४० च्या जवळ असेल तर थांबू नका. चाळिशी उलटली की मानधन आणि अटल पेन्शन या दोन्हींचं दार बंद होतं. ते बंद झालं असेल तर पीपीएफ किंवा एनपीएस बघा. आणि ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो. त्यासाठी हप्ता भरलेला असावा लागत नाही.

२० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा यांचे पैसे वर्षातून एकदाच, मे अखेरीस कापले जातात. फडावरून परत आलात की त्या आधी खात्यात ५०० रुपये राहतील असं बघा. अपघाताला २ लाख आणि मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे.

आणि गावातून ट्रॅक्टर निघायच्या आधी एक काम करा. पासबुक भरून घ्या, हप्ता कुठल्या तारखेला जातो ते बघा आणि हंगामभर पुरेल एवढी रक्कम त्या खात्यात ठेवा. हप्ता १०० चा असेल तर सहा महिन्यांचे ६०० रुपये. उचल हातात असते तेव्हाच हे जमतं, फडात गेल्यावर जमत नाही. तुमच्या घरातलं, ओळखीचं कुणी यंदा तोडीला जाणार असेल तर त्यांना हे आत्ताच सांगा.